फुकटचा खांब आणि दिगंबरचा शर्ट

गोव्याला जाऊन आलो म्हटलं की आमच्या सांगलीत माणसं आधी पिशवीकडे बघतात आणि मग तोंडाकडे. पिशवीत कोकम आणि काजू निघाले की त्यांचा माझ्यातला रस संपतो. उरलेले समुद्राचं विचारतात. मी पाच दिवस गोव्यात होतो आणि समुद्र पाहिला नाही. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "ज्याला गोव्यात समुद्र सापडला नाही, त्याला कंपनीनं गावं शोधायला पाठवलं होतं?"

पाठवलं होतं खरं. वीस वर्षं मी कुकर, मिक्सर आणि संकरित बियाणं यांच्यासोबत येणाऱ्या पत्रकांचं मराठी करतो. शिटी झाल्यावर झाकण उघडू नये, हे वाक्य महाराष्ट्रात माझ्याइतक्या प्रकारे कुणी लिहिलेलं नाही. अशा माणसाला एका फार मोठ्या परदेशी कंपनीचा फोन आला. तिचं नाव सांगत नाही, कारण मी एका कागदावर सही केली आहे आणि त्याचं चौथं पान वाचलेलं नाही. कंपनीला खेड्यापाड्यांत फुकट इंटरनेट वाटायचं होतं. मला हुद्दा मिळाला 'ग्रामदूत'. सोबत दोन पांढरे टी-शर्ट, छातीवर 'जग तुमच्या दारी'. काम एवढंच, की एका गावाने डोंगरावर कंपनीचा खांब उभारायला होकार द्यायचा आणि गावकरी 'हो' म्हणत असतानाचं चित्रण मी साहेबांना पाठवायचं. गाव हो म्हणालं तर माझी नेमणूक पक्की. नाही म्हणालं तर पुन्हा कुकर.

साहेब बंगळूरला बसत. वयाने माझ्या भाच्याएवढे, पण बोलायचे असं की ऐकताना आपणच जगाचं काहीतरी भलं करतोय असं वाटावं. गोव्यात मराठी चालते असं त्यांना कुणीतरी सांगितलं, म्हणून मला पाठवलं. पत्रकं मात्र हिंदीत छापली. म्हणजे कोंकणी बोलणाऱ्या गावात हिंदी कागद घेऊन मराठी माणूस निघाला. यात कुणालाच काही खटकलं नाही, मलाही नाही. मी तेव्हा टी-शर्ट पोटावर बसतो का, या काळजीत होतो.

डिचोली

डिचोलीच्या बाजारात गाडीवाला कल्लाप्पा भेटला. बेळगावकडचा, खानापूरच्या पलीकडचा. बारा वर्षं पाळी गावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद झाल्या तसा ट्रक उभा राहिला आणि हा व्हॅन चालवू लागला. मला त्याने आधी एका हॉटेलात नेलं आणि पातळभाजी आणि पाव मागवले. आमच्याकडे पाव म्हणजे आजारी माणसाला चहात बुडवून द्यायची वस्तू. इथे पावाला घराणी आहेत. एक मऊ, एक कडक कवचाचा उंडो, एक कोंड्याची चपटी पोई. मी तिन्ही खाल्ले, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. कल्लाप्पाने माझ्या छातीवरची ओळ वाचली, पोटापर्यंत खाली आला आणि म्हणाला, "जग दारात आलं तर चप्पल कुठं काढायची, सायेब?"

पाळीला झाडाखाली सात-आठ ड्रायव्हर पत्ते खेळत होते. कुणी सिंधुदुर्गातले, कुणी चंदगडकडचे. मागे ट्रकांची रांग, चाकांपाशी गवत वाढलेलं. माझ्याकडे कंपनीची एक पेटी होती. ती व्हॅनच्या टपावर ठेवली की आसपास नमुन्यापुरतं फुकट नेट मिळायचं. मी ती लावली, कंपनीचा फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, आता जगातलं काहीही विचारा.

त्यांनी आपसात पाहिलं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. 'खाण परत कधी सुरू होणार,' असं एकाने बोट दाबत दाबत लिहिलं. चक्र फिरलं, फिरलं आणि फिरलं. मग पान उघडलं: 'हात स्वच्छ कसे धुवावेत.' खाली साबणाचं चित्र. सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. वर्षानुवर्षांच्या खनिजाची लाली नखांत अजून होती. एकजण म्हणाला, जमलंय की, आपली ओळख पटली त्याला.

मग त्यांनी शिरगावच्या जत्रेचे फोटो शोधले. उघडेनात. वर्तमानपत्र उघडेना. हवामान उघडलं, आणि कंपनीचं स्वतःचं गप्पांचं पान तर इतक्या चटकन उघडलं की जणू दाराआड उभंच होतं. मी म्हणालो, सुरुवात आहे, हळूहळू सगळं येईल. वीस वर्षं कुकरवाल्यांचं मीठ खाल्लेला माणूस असं बोलायला अडखळत नाही.

परतताना कल्लाप्पाने गाडी एका रुंद, गुळगुळीत रस्त्यावर घेतली. मी रस्त्याचं कौतुक केलं. तो म्हणाला, "खाणवाल्यांनी केला. फुकट. आम्ही हार घातले होते त्यांना."

"मग चांगलंच की."

"चांगलाच हाय. फकस्त जातो कुठं ते बघा."

बघायला तो मला शेवटपर्यंत घेऊन गेला. रस्ता नदीवर संपत होता. समोर खनिज भरायला बार्ज लागायचा धक्का, त्याच्यापुढे पाणी. बाजार उजवीकडे राहिला होता, शाळा मागे, आणि दोन्हीकडे जायला शेताच्या बांधावरची पायवाट होती. कल्लाप्पाने गाडी वळवली. मला अर्थ लागला नाही असं नाही. लागू नये म्हणून मी पोई खात बसलो.

पेडणे

पेडणे तालुक्यातलं ते गाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं भली आहेत आणि माझ्यानंतर आणखी ग्रामदूत तिकडे जायला नकोत. गाव तीन बाजूंनी काजूच्या डोंगरांत बसलेलं. फोन असून नसल्यासारखे. बोलायचं तर वरच्या माळावर एक मोठा काळा दगड आहे, त्यावर चढून तोंड आग्नेयेला करायचं. त्या दगडाला सगळे रेंजीचा फातर म्हणत. संध्याकाळी तिथे रांग लागते आणि गावातल्या सगळ्या खाजगी गोष्टी रांगेतल्यांना तोंडपाठ असतात.

आमचा मुक्काम नारायणबाबांकडे होता. सत्तरीचे, सडपातळ, गावच्या देवीचे मानकरी. गावातर्फे देवीला गाऱ्हाणं तेच घालतात. सकाळी मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे, मग त्यावर कोंकणीत टीका करायचे. गोवा राज्य झालं त्या काळात भाषेवरून जे रान पेटलं होतं, त्यात तुम्ही कुठल्या बाजूला होता, असं मी विचारलं. म्हणाले, दोन्ही मोर्चांत गेलो, दोन्हीकडे मेहुणे होते.

घरात त्यांची सून शेवंती आणि तिची पाच महिन्यांची मुलगी. मुलगा दिगंबर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. प्रवाशांच्या मोठ्या बोटीत स्वयंपाकघरात कांदे कापतो. आठ महिन्यांपूर्वी गेला, म्हणजे मुलगी त्याच्या पाठीमागे झाली. त्याने तिला स्टुडिओत काढलेल्या दोन फोटोंत पाहिलं होतं आणि दोन्हींत ती झोपलेली. बोट बंदराला लागली की त्याला तासभर नेट मिळायचं. पण शेवंतीचा फोन बटणांचा, त्यात आवाज तेवढा येतो. दोनदा ती भावाचा चांगला फोन मागून पोरीला घेऊन म्हापशाला गेली होती. दोन्ही वेळा बस पोचेपर्यंत बोट सुटलेली. आता मुलगी पालथी पडायला शिकली होती आणि कुणी शिंकलं की खदखदून हसायची. शेवंती म्हणाली, "भाऊ, तो येयसर ही चलूंक लागतली. एकदां तरी ताणें तिका हांसताना पळोवंक जाय."

तो येईपर्यंत ही चालायला लागेल, एकदा तरी त्याने तिला हसताना पाहावं. एवढंच तिचं म्हणणं होतं. आता मी काय करायला हवं होतं? विचारून सांगतो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "वयनी, खांब उभा राहू दे. नमुन्याचा पहिला फोन तुमच्या घरात. इथे पायरीवर बसून बघाल एकमेकांना." तिने माझ्या ताटात बांगड्याचा आणखी एक तुकडा वाढला. सांगलीचा माणूस बांगड्याशी कसा वागतो हे इथे लिहीत नाही. काटा नारायणबाबांनी पाठीत गुद्दा घालून काढला.

दुपारी त्यांनी मला काजूची भट्टी दाखवायला नेलं. बोंडू, म्हणजे काजूची फळं, दगडी कुंडीत तुडवून रस काढतात, तो रात्रभर ठेवून उकळतात आणि पहिल्या धारेला हुर्राक म्हणतात. लिंबू पिळून एक पेला दिला. सरबतासारखा लागला, म्हणून मी तो सरबतासारखा प्यायलो. दुसराही. मग मला बोंडू तुडवायची इच्छा झाली. तुडवता तुडवता मी त्या कुंडीत बसलो. पडलो नाही, बसलो, असं मी अजून सांगतो. जग तुमच्या दारी कमरेपर्यंत भिजलं. काजूचा रस आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की गंजासारखा तपकिरी होतो, आणि तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. दुसरा टी-शर्ट वाळत घातला होता, त्यावर कोंबडीने आपलं काम केलं होतं. शेवंतीने कपाटातून दिगंबरचा शर्ट काढून दिला. निळा, पांढऱ्या चौकड्यांचा, इस्त्रीचा. आठ महिने घडी मोडली नव्हती. पोटावर दोन बटणं लागेनात, ती मी श्वासावर सांभाळली.

रेंजीचा फातर

खांबाची जागा म्हणजे माळ, आणि माळ देवीचा. देवीच्या जागेत काही करायचं तर देवीला विचारायचं. याला प्रसाद घेणं म्हणतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्नं, घरं, विहिरी, जमिनीचे तंटे, सगळं याच वाटेने जातं. आमच्याकडे असल्या गोष्टी ग्रामपंचायतीत आवाज चढवून ठरतात. मला ही पद्धत फारच सुटसुटीत वाटली. साहेबांना तर चित्रणासाठी आयतं देऊळच मिळणार होतं.

अडचण गाऱ्हाण्याची होती. त्यात कोण मागतो, काय मागतो आणि कशासाठी मागतो, हे सगळं नीट घालावं लागतं. काही लपवून विचारलं तर देवी भलतंच सांगते, असा अनुभव. नारायणबाब पायरीवर बसून गाऱ्हाणं जुळवत होते. कंपनी गावाला काय देते ते मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. मग विचारलं, "तो दिता तें कळ्ळें. ताका मेळटा कितें?"

त्याला काय मिळतं. मी म्हणालो, लोकांचं भलं. ते म्हणाले, भलं लोकांना मिळतं, तें म्हाका कळ्ळें, त्याला काय? मी म्हणालो, विचारून येतो.

म्हणून संध्याकाळी मी फातरावर चढलो. माझ्यामागे रांगेत शेवंती होती, पोरीला कडेवर घेऊन. मी फोन लावला. साहेबांनी प्रश्न दोनदा ऐकून घेतला. कुठल्या खात्याला ही माहिती हवी आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, देवीला. मग साहेब हसले, आणि माणूस हसला की मोकळा होतो. त्यांनी जे सांगितलं ते असं. जे लोक अजून नेटवर आलेले नाहीत, ते पहिल्यांदा येतील ते आपल्या दारातून. त्यांच्यासाठी नेट म्हणजे आपणच. ते कशावर थांबतात, काय शोधतात, कुणाशी बोलतात, हे आपल्याला कळत राहील, आणि उद्या त्यांना काही विकायचं असेल त्याला आपल्याकडे यावं लागेल. दुसऱ्या कुणी दार उघडायच्या आत आपण उघडायचं. शिवाय असलं अर्धं नेट चालू द्यायचं की नाही, हे दिल्लीत ठरायचं आहे. तिथे दाखवायला हो म्हणणारं एक गाव हवं. म्हणून तर तुम्हाला पाठवलंय.

मी विचारलं, साहेब, यात माणूस माणसाला बघू शकतो ना? बोटीवरचा माणूस? साहेब म्हणाले, छे, ते जड असतं. फुकटात फक्त हलकी पानं, फोटोसुद्धा नाही. चित्र हवं तर पुढे विकत घेतील. चटक लागली की घेतातच.

मग त्यांना पुन्हा आपलं पद आठवलं असावं. म्हणाले, देवीला सांगा, लोकांचं भलं हाच आमचा फायदा.

मी फातरावरून उतरलो. पोर माझ्याकडे बघून हसली, कारण मला शिंक आली होती. शेवंतीने विचारलं, साहेब काय म्हणाले? मी म्हणालो, हो म्हणाले. कशाला हो, ते सांगितलं नाही. रात्री पानात आंब्याचं सासव होतं, मोहरी लावलेलं, आंबटगोड, जीभ टाळ्याला चिकटेल असं. मी दोनदा मागून घेतलं. गुन्हेगार माणसाला भूक फार लागते. आणि नारायणबाबांना ती ओळ दिली: लोकांचं भलं हाच कंपनीचा फायदा. त्यांनी ती गाऱ्हाण्यात घातली.

देवीसमोर

सोमवार होता. गाव शिवराक, म्हणजे मासळी बंद, आणि सगळे देवळात. मे महिन्यातली ती सकाळ, कौलांतून ऊन गळत होतं. मी दिगंबरच्या शर्टात, श्वास धरून. कल्लाप्पाकडे कंपनीचा फोन दिला होता आणि बजावलं होतं की लोक हो म्हणायला लागले की चित्रण सुरू करायचं आणि मी सांगेपर्यंत थांबवायचं नाही. पुजाऱ्याने देवीला पाकळ्या लावल्या. नारायणबाब पुढे झाले आणि गाऱ्हाणं सुरू झालं. त्यांची देवीशी बोलायची भाषा तिसरीच, वर्तमानपत्रातली नाही आणि घरातलीही नाही. प्रत्येक वाक्यामागे गाव एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." अंगावर काटा आला. घामही आला. ओळ आली, कंपनीचं गावाच्या भल्यावाचून काही मागणं नाही. व्हय म्हाराजा.

मग सगळे गप्प. पाकळ्यांकडे बघत उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दोनशे माणसं घामाने निथळत होती आणि एकही हात पंख्याकडे जात नव्हता. मला आश्चर्य वाटलं. आमच्याकडे माणूस घरात शिरला की चप्पल काढायच्या आधी पंखा लावतो. देवळाच्या ज्या खांबाला मी टेकलो होतो, त्यालाच बटणांची पाटी होती. एवढं पुण्य आपल्या हातून घडावं म्हणून मी हळूच एक बटण दाबलं.

तो सभामंडपातला नव्हता. तो गाभाऱ्याच्या दाराशी, देवीकडे तोंड करून बसवलेला मोठा पंखा होता. प्रसादाच्या वेळी तो कुणी लावत नाही, हे गावातल्या पाळण्यातल्या पोरीलाही माहीत असावं. वारा सुटला. उजवी, डावी, वरची, खालची, सगळ्या पाकळ्या एकदम उडाल्या. एक माझ्या कपाळाला येऊन चिकटली.

कुणी ओरडलं नाही, हे सगळ्यात वाईट. नारायणबाब माझ्यापाशी आले, बटण बंद केलं, कपाळावरची पाकळी काढून बाजूला ठेवली. त्यांनी पुजाऱ्याशी दोन शब्द केले आणि मला सांगितलं की ज्याच्या हातून प्रसाद मोडला त्यानेच परत विचारायचं. त्याच्या तोंडाने, त्याच्या शब्दांत. मी म्हणालो, मला गाऱ्हाणं येत नाही. ते म्हणाले, "येवंक कित्याक जाय? खरें तें सांग. आमी व्हय म्हणटात."

यायला कशाला हवं, खरं ते सांगायचं. मी पुढे गेलो. वीस वर्षं झाकण कधी उघडू नये ते लिहितोय. त्या दिवशी ते आपोआप उघडलं. आधी मी देवीला नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग पंख्याबद्दल क्षमा मागितली. मागे सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मग बोलतच सुटलो. म्हणालो, आई, काल मी फातरावरून खोटं घेऊन आलो. व्हय म्हाराजा. कंपनीला गावाची पहिली पायरी हवी आहे, म्हणजे पुढचं प्रत्येक पाऊल तिच्या अंगणात पडेल. व्हय म्हाराजा. गाव काय वाचतं, काय शोधतं, ते तिला बघत बसायचं आहे. दिल्लीला दाखवायला तिला एक गाव हवं आहे, आणि मला नोकरी हवी आहे. व्हय म्हाराजा, हे जरा जास्तच जोरात. मी हुर्राक पिऊन कुंडीत बसलो, पडलो म्हणायला हरकत नाही. व्हय म्हाराजा. मग मला थांबावं लागलं, कारण पुढचं देवीला सांगायचं नव्हतं. मी मागे वळलो. शेवंती बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होती.

"वयनी, त्या नेटवर माणूस दिसत नाही. फोटोसुद्धा नाही. मी न विचारता सांगितलं होतं. विचारल्यावर गप्प बसलो."

गाव व्हय म्हणायला तोंड उघडून होतं, ते तसंच राहिलं. शेवंतीने पदर सारखा केला आणि म्हणाली, "कळ्ळें भाऊ. फातरावयल्यान देंवताना तुमचें तोंड पळयल्लें हांवें."

उतरताना तुमचं तोंड पाहिलं होतं मी, एवढंच. तरी तिने सासव दोनदा वाढलं होतं.

नव्या पाकळ्या लागल्या. पंखा बंद, माझे दोन्ही हात कल्लाप्पाने एका हातात धरून ठेवलेले, दुसऱ्यात फोन. अर्ध्या मिनिटात डावी पाकळी पडली, इतकी सरळ की देवीने आधीच ठरवून ठेवल्यासारखी. नारायणबाबांनी मग स्वतः दुसरा प्रश्न घातला: जो सगळं उघडून देईल, बाजार, शाळा, बोटीवरचा माणूस, त्याला माळावर जागा द्यायची की नाही? उजवी पडली. गाव प्रसाद घेऊन जेवायला गेलं. माझ्या पानात खतखतं वाढलं, निरनिराळ्या भाज्यांचं, आणि कुणी माझ्याशी तुटकपणे वागलं नाही. उलट ज्याने देवीवर पंखा लावला तो मीच का, हे बघायला लोक पंगतीत येऊन जात होते.

म्हापसा

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट बंदराला लागणार, हे शेवंतीला फातरावर कळलं होतं. कल्लाप्पाने सकाळीच व्हॅन दारात आणली. म्हणाला, "सायेब, रस्ता फुकट हाय. आज बाजाराला जातो." नारायणबाब पुढे बसले, बाकी आम्ही मागे. म्हापशाच्या बाजारात चणे-कुरमुऱ्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. माझा स्वतःचा फोन, माझं स्वतःचं नेट, सगळं उघडणारं. चित्रण मात्र मी साहेबांना आधीच पाठवून टाकलं होतं. मी बजावल्याप्रमाणे कल्लाप्पाने लोक हो म्हणायला लागल्यापासून ते शेवटपर्यंत काही थांबवलं नव्हतं, आणि मीही काही कापलं नाही. साहेबांना हो म्हणणारं गाव हवं होतं. त्यात गाव तेवीस वेळा हो म्हणतं. कशाला हो म्हणतं ते त्यांनी ऐकलं असावं, कारण माझी पत्रकं आता पुन्हा कुकरची आहेत.

फोन लागला. पडद्यावर आधी एक पांढरी टोपी आली, मग कांद्याने लाल झालेले डोळे, मग दिगंबर. शेवंतीने मुलीला समोर धरलं. पोर गंभीरपणे पडद्याकडे बघत राहिली. बाप काही बोलेना, तीही काही बोलेना, आणि तासातली मिनिटं चाललेली. तिला हसवायचं कसं? कल्लाप्पाने चेहरे केले, नारायणबाबांनी चुटक्या वाजवल्या. मग मला आठवलं. शेजारच्या दुकानातून चिमूटभर मिरपूड आणली आणि नाकाला लावली.

शिंक अशी आली की श्वासावर धरलेली पोटावरची दोन्ही बटणं उडाली आणि मी फोनच्या चौकटीत पुढे कोसळलो. पोर खदखदून हसली. हसत राहिली, हात हलवत, थांबेचना. दिगंबरने तोंडावर हात घेतला. बोटीतल्या त्या स्वयंपाकघरात त्याच्यामागे तीन-चार टोप्या जमल्या होत्या, त्याही हसत होत्या. तो कितीतरी वेळ नुसता बघत होता. मग त्याने डोळे पुसले, पडद्याच्या जरा जवळ आला आणि मुलीच्या मागे नजर टाकून, आठ महिन्यांनी बायकोशी समोरासमोर, पहिलं वाक्य बोलला.

"शेवंते, तो शर्ट म्हजो न्हय?"